श्वास, शिटी आणि घड्याळ : मैदानी खेळांच्या गतीचे नियमन आणि पंच

१

आपल्याकडे खेळांचा जो थोडाबहुत इतिहास लिहिला गेला आहे, त्यात खेळाडू आहेत, आखाडे आणि संस्था आहेत, स्पर्धा आणि चषकही आहेत. पंच मात्र क्वचितच आढळतो. त्याचे नाव निघालेच तर ते एखाद्या वादग्रस्त निर्णयाच्या निमित्ताने निघते. वस्तुतः पंचाचे कार्य दुहेरी असते. घडलेली कृती नियमाला धरून झाली की नाही हे ठरविणे हे त्यांतील पहिले. दुसरे, खेळ अडू न देणे, रेंगाळू न देणे आणि त्याची स्वाभाविक गती कायम राखणे. पहिल्या कार्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. दुसरे कार्य यशस्वी झाले म्हणजे ते प्रेक्षकाच्या लक्षातच येत नाही, आणि म्हणूनच बहुधा त्याकडे अभ्यासकांचेही दुर्लक्ष झाले असावे.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळात हा प्रश्न अलीकडे फार तीव्रतेने पुढे आला. या खेळास घड्याळ नाही, तो डावांनी मोजला जातो, हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात असे. परंतु गोलंदाजाने चेंडू हातात धरून विचार करीत राहावे, फलंदाजाने पुनःपुन्हा जागा सोडून हातमोजे सारखे करावेत, असे होता होता सामने तीन तासांच्याही पुढे गेले. अखेर २०२३ साली तेथील प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत चेंडू टाकण्यासाठी कालमर्यादा आली आणि तिचे पालन करवून घेण्याचे काम पंचांकडे सोपविण्यात आले. महाराष्ट्रात बेसबॉल खेळला जातो, पण तो रुजलेला खेळ नव्हे. मात्र त्याच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न मराठी मैदानी खेळांपुढे शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, आणि त्यांनी त्याची स्वतःची अशी उत्तरे शोधली होती. त्या उत्तरांचा मागोवा घेणे आणि विदर्भाच्या पूर्व टोकाच्या गोंदिया जिल्ह्यासारख्या प्रदेशात त्यांचा अर्थ काय होतो हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा मर्यादित हेतू आहे.

२

कबड्डीपासून आरंभ करणे इष्ट होय. महाराष्ट्रात हुतुतू, तामिळनाडूत चेडुगुडू, बंगालकडे हाडुडू अशी या खेळाची निरनिराळी नावे होती. या नावांतील समान धागा असा की, चढाई करणाऱ्या गड्याने तोंडाने जो उच्चार सतत करावयाचा, त्यावरूनच खेळाला नाव पडलेले आहे. एखाद्या खेळाला त्याच्या कालमापनाच्या साधनावरून नाव मिळावे, ही गोष्ट जगाच्या क्रीडेतिहासातही विरळाच म्हणावी लागेल. कारण हा उच्चार केवळ आरोळी नव्हे. तो दम होय, आणि दम हेच चढाईचे घड्याळ होय. मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी दम सुरू करावयाचा, एका श्वासात तो अखंड व स्पष्ट ठेवावयाचा आणि तो टिकून आहे तोवर आपल्या अंगणात परतावयाचे. दम मोडला की वेळ संपली.

श्वासाने काळ मोजण्याची ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. सूर्यसिद्धान्तादी ज्योतिषग्रंथांत कालमापनाचा मूर्त आरंभ प्राणापासून, म्हणजे एका श्वासोच्छ्वासापासून, केलेला आहे. सहा प्राणांचे एक पळ, साठ पळांची एक घटका आणि साठ घटकांचा एक अहोरात्र, असे ते कोष्टक आहे. आजच्या मापाने घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि प्राण ४ सेकंदांचा होतो. हुतुतू खेळणाऱ्या पोरांनी हे कोष्टक पाहून खेळ रचला असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या समाजात लग्नघटका पाण्यावर तरंगणाऱ्या घटिकापात्राने मोजली जात होती, त्या समाजात खेळाचा काळही घड्याळावाचून मोजला जावा, यात नवल नाही.

दमाच्या या योजनेत पंचाची भूमिका कोणती? तो मुख्यतः कानाने पंचगिरी करतो. गड्याचा दम ऐकू येतो की नाही, तो स्पष्ट आहे की नुसते पुटपुटणे आहे, मध्ये श्वास घेतला की काय, हे त्याला ऐकावे लागते. याच दृष्टीने कबड्डीतील एका नियमाकडे पाहिले पाहिजे. पकड करणाऱ्यांनी चढाई करणाऱ्याचे तोंड दाबून त्याचा दम बंद पाडू नये, असा तो नियम आहे. वरवर पाहता तो इजा टाळण्यासाठी आहे असे वाटते, आणि ते खरेही आहे. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की, प्रतिपक्षाने घड्याळाला हात लावावयाचा नाही. गडी पकडून ठेवावा आणि त्याची वेळ आपोआप संपू द्यावी. ती बाहेरून संपवू नये. नियमकर्त्यांनी दमाला कालमापनाचे साधन म्हणून किती गंभीरपणे घेतले होते, याचा हा उत्तम पुरावा होय.

३

दमाने एका चढाईचा काळ बांधला, पण सबंध सामन्याचा काळ त्याने बांधला जात नाही. येथे महाराष्ट्रात प्रचलित असलेले खेळाचे तीन प्रकार विचारात घ्यावे लागतात. गमिनी प्रकारात बाद झालेला गडी आपला सबंध संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. संपूर्ण संघ बाद झाला की लोण चढते आणि ठरलेली पाच किंवा सात लोणे होईपर्यंत खेळ चालतो. त्याला कालमर्यादा नाही. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा आत येतो, आणि सामना ४० मिनिटांचा, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती, असा असतो. अमर प्रकारात गडी बाहेर जातच नाही. केवळ गुण मोजले जातात आणि सामना वेळेवर संपतो.

या तिन्ही प्रकारांना काळाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांतील भेद अधिक स्पष्ट होतो. गमिनी हा बेसबॉलच्या जातीचा खेळ आहे. तेथे कार्य पूर्ण होणे महत्त्वाचे; मग त्याला सकाळची संध्याकाळ होवो. संजीवनी आणि अमर यांत काळ आधी ठरतो आणि कार्य त्यात बसवावे लागते. ज्या गावात खेळ हीच त्या दिवसाची करमणूक होती, तेथे गमिनी चालून गेली. एका दिवसात अनेक संघांचे सामने उरकावयाचे, बाहेरगावच्या संघांना परत जावयाचे, अशी स्पर्धा भरू लागली की गमिनी परवडेनाशी होते. कबड्डीचे प्रमाणित नियम १९१८ साली तयार झाले, १९२३ साली ते छापून निघाले आणि त्याच वर्षी त्या नियमांनुसार बडोद्यास अखिल भारतीय स्पर्धा भरली. संजीवनीचे तत्त्व आणि निश्चित वेळ यांना पुढील काळात जे प्राधान्य मिळाले, त्याचे कारण खेळाच्या अंतर्गत गुणांत जितके आहे, तितकेच ते स्पर्धेच्या व्यवस्थेतही आहे. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, १९५२ साली मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि त्यानंतर वेळेने बांधलेला खेळ हाच प्रमाण ठरला.

परंतु वेळ ठरविली की एक नवा दोष उत्पन्न होतो. पुढे असलेला संघ वेळ काढू लागतो. गमिनीत वेळ काढण्यात काहीच लाभ नव्हता. संजीवनीत तो आहे. गड्याने मध्यरेषेच्या पलीकडे एक पाऊल टाकावे, तेथेच दम घुमवीत राहावे आणि श्वास संपत आला की मागे फिरावे, असे झाले तर पंच काय करणार? दम तर अखंड आहे. या ठिकाणी नियमकर्त्यांनी जो उपाय योजला तो फार मार्मिक आहे. त्यांनी पंचाच्या हाती घड्याळ दिले नाही. मैदानावर एक रेषा आखली. आजच्या पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असलेली ही निदान रेषा प्रत्येक चढाईत निदान एकदा ओलांडलीच पाहिजे, नाही तर गडी बाद. नावातच नियमाचे सार आले आहे. काळाचा अपव्यय अंतराच्या मापाने रोखावयाचा, ही ती युक्ती. पंचाला आता गड्याच्या मनातील हेतू ओळखण्याची गरज राहिली नाही. पाय रेषेपलीकडे गेला की नाही एवढेच त्याने पाहावयाचे. त्याच्या जोडीला, एक चढाई संपताच दुसऱ्या संघाने ५ सेकंदांच्या आत आपला गडी पाठविला पाहिजे, असाही नियम झाला. दोन चढायांमधील रिकामी जागा अशा रीतीने भरून निघाली.

४

खो-खोने हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविला. या खेळाच्या नियमांची पहिली बांधणी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास केली. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२४ साली नियम प्रसिद्ध केले. पुढे १९२८ साली स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांना व्यवस्थित रूप दिले. खो-खोत पाळीची वेळ घड्याळाने मोजली जाते. महासंघाच्या नियमांप्रमाणे प्रौढ गटात ती ९ मिनिटांची असते आणि तिच्यासाठी स्वतंत्र वेळाधिकारी असतो. परंतु पाळीच्या आत पंच घड्याळाकडे पाहत नाही. मध्यपाटीच्या दोन बाजूंना उभे असलेले दोन पंच शिटीने खेळ चालवितात.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बहुतेक पाश्चात्त्य खेळांत नियमभंग झाला की शिटी होते आणि खेळ थांबतो. मग शिक्षा, मग पुन्हा आरंभ. खो-खोत नियमभंगाची शिटी खेळ थांबवीत नाही. दिशा बदलणाऱ्या अथवा चुकीचा खो देणाऱ्या पाठलागकर्त्याला पंच शिटीने जाणीव देतो आणि ती चूक त्याला धावता धावताच दुरुस्त करावी लागते. दरम्यान पळणारा गडी पुढे निसटतो, हीच शिक्षा. घड्याळ चालूच असते. दंड वेळात भोगावयाचा, परंतु खेळ खंडित करून नव्हे, असे हे तत्त्व आहे. त्यामुळे खो-खोच्या सामन्यात वाद घालण्यास अवकाशच उरत नाही. वाद घालणाराचीच वेळ जाते.

तीन गड्यांची तुकडी बाद झाली म्हणजे पुढच्या तुकडीने किती वेळात आत यावे, हा नियमही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ती मुदत सेकंदांत सांगितलेली नाही. ती खोच्या मापाने सांगितलेली आहे. ठरलेला खो मिळण्यापूर्वी जो आत आला नाही तो बाद. म्हणजे पाठलाग करणारा संघ जितक्या वेगाने खेळेल, तितक्या वेगाने प्रतिपक्षालाही हालचाल करावी लागते. गतीचे माप खेळाच्या बाहेरून आणलेले नाही. खेळानेच ते निर्माण केले आहे. कबड्डीतील दम आणि खो-खोतील खो ही दोन्ही मापे एकाच विचारसरणीची अपत्ये होत, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. या खेळांना साहित्य लागत नाही, हे वैशिष्ट्य नेहमी सांगितले जाते. त्यांना पंचाच्या हातीही फारसे साहित्य लागत नाही, ही त्याची दुसरी बाजू अनुल्लेखित राहिली आहे.

५

ज्या खेळांना काळाचे बंधन नव्हते त्यांचे काय झाले, हे पाहिल्यावाचून ही चर्चा पूर्ण होणार नाही. कुस्तीचे उदाहरण घेऊ. निकाली कुस्तीत पाठ लागेपर्यंत लढत चालावयाची. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिश्को यांची लढत सुमारे अडीच तास चालली. झ्बिश्को बहुतेक वेळ जमिनीला चिकटून राहिला आणि अखेरीस लढत अनिर्णित ठरली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये क्लाइन आणि आसिकाइनेन यांची कुस्ती ११ तासांहून अधिक चालली. बचाव हाच ज्याचा डाव आहे त्याला कोणता दंड द्यावा, हे त्या काळच्या नियमांना ठरविता आले नव्हते. आपल्याकडील जत्रांच्या मैदानांत या अडचणीचे उत्तर पंचाच्या अधिकारातच होते. लढत रेंगाळली, पुढच्या जोड्या खोळंबल्या, म्हणजे पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवावी, हा रिवाज होता. त्यासाठी नियमपुस्तक नव्हते, घड्याळही नव्हते. पंचाचा शब्द होता आणि मैदानाचा त्याच्यावर विश्वास होता. हा विश्वास ढळला की तोच अधिकार पक्षपाताचे साधन ठरतो, हेही तितकेच खरे. पुढे आंतरराष्ट्रीय कुस्तीत निष्क्रिय मल्लाला ताकीद देण्याची आणि नंतर ३० सेकंदांत गुण मिळविण्यास भाग पाडण्याची पद्धत आली, ती हाच प्रश्न अधिकाऱ्याच्या मर्जीतून काढून मापात बसविण्यासाठी.

क्रिकेटमध्येही आपल्या भूमीवर याचे संस्मरणीय उदाहरण आहे. मार्च १९४९ मध्ये पुण्यास मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील रणजी करंडकाचा उपांत्य सामना सात दिवस चालला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ अशा धावा केल्या. चारही डावांची बेरीज २,३७६ झाली. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये एका सामन्यातील हा धावांचा उच्चांक होय. त्याच हंगामात, डिसेंबर १९४८ मध्ये, पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम दृष्टिपथात होता. परंतु काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. खेळ पुढे चालू ठेवण्याचा आदेश पंच देऊ शकतो. खेळण्याची इच्छा तो निर्माण करू शकत नाही. गती राखण्याच्या त्याच्या अधिकाराची ही सीमा आहे, आणि कोणत्याही घड्याळाने ती ओलांडता येत नाही.

६

आता गोंदियाकडे वळू. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. त्यापूर्वीचा त्याचा राजकीय इतिहास लक्षात घेतला पाहिजे. हा मुलूख मध्यप्रांतात होता, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. म्हणजे पुणे, सातारा आणि बडोदे येथे ज्या काळात कबड्डी व खो-खोचे नियम घडत होते, त्या काळात झाडीपट्टी वेगळ्या प्रशासनाखाली होती. छापील नियम येथे आले ते शाळांतून, व्यायामशाळांतून आणि विदर्भातील शारीरिक शिक्षणाच्या संस्थांतून शिकून परतलेल्या शिक्षकांकडून आले, असे मानणे सयुक्तिक ठरेल. घड्याळाची शिस्त मात्र त्याआधीच रेल्वेने आणली होती. गोंदिया हे बंगाल-नागपूर रेल्वेवरील जंक्शन. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली. मुंबई शहराने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. रेल्वेच्या गावाला असे दोन वेळांत जगण्याची चैन नव्हती. परंतु स्थानकापासून चार कोसांवर असलेल्या धानाच्या बांध्यांत काळ निराळाच होता.

तो काळ कसा, हे झाडीच्या उत्सवांवरून कळते. दिवाळीनंतर मंडईंना आरंभ होतो. धान निघाले, बांध्या वाळल्या, की शंकरपट भरतात, रात्री नाटके होतात आणि कबड्डीचे सामने रंगतात. नाटक पहाटेपर्यंत चालते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. अशा वातावरणात भरलेल्या कबड्डीच्या स्पर्धेत पंचाचे काम नियमपुस्तकात लिहिलेल्यापेक्षा पुष्कळ अधिक असते. दोन्ही संघ त्याच्या ओळखीचे असतात. एका संघात त्याचा विद्यार्थी असतो, दुसऱ्यात त्याच्या सोयऱ्याच्या गावचा गडी. ध्वनिक्षेपकावरून समालोचन चालू असते, प्रेक्षक रेषेपर्यंत सरकलेले असतात. या गोंगाटात दम ऐकावयाचा आहे आणि मोडला तर तसे सांगावयाचे आहे. ज्याचा गडी बाद ठरला तो संघ म्हणणार, दम होता. पंच म्हणणार, मी ऐकला नाही. याला तिसरा साक्षी नाही. श्वासाचे घड्याळ सुंदर खरे, परंतु ते फक्त एका माणसाच्या कानाला ऐकू येते, हा त्याचा मोठा दुबळेपणा आहे.

शंकरपटाचा अनुभवही उद्‌बोधक आहे. तेथे शर्यत काही क्षणांची. खरा वेळ जातो तो जोड्या सुटण्याच्या रेषेवर आणून स्थिर करण्यात. बैल उभे राहत नाहीत, एक जोडी पुढे सरकते, पुन्हा मागे घ्यावी लागते. पंचाची कसोटी धावेत नसून धावेपूर्वीच्या या अवकाशात असते. बेसबॉलमधील दोन चेंडूंच्या मधल्या अवकाशासारखीच. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे ग्राह्य ठरविले. मधल्या सात वर्षांत पट भरले नाहीत. त्या खंडाबरोबर जुन्या पंचांच्या अनुभवाची परंपराही खंडित होण्याचा धोका होता. खेळाचे लिखित नियम न्यायालयासमोर ठेवता येतात. जोडी रेषेवर कशी आणावी, केव्हा थांबावे आणि केव्हा झेंडी दाखवावी, हे ज्ञान कागदावर नसते.

७

अलीकडच्या दशकात घड्याळाने मैदानाच्या आत पाऊल टाकले आहे. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली. तसेच, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळविलाच पाहिजे, अन्यथा गडी बाद, असा नियम झाला. दमाचा नियम कायम आहे. पण प्रेक्षकाचे, आणि कालांतराने पंचाचेही, लक्ष कानावरून डोळ्यांकडे, गड्याच्या ओठांवरून फलकावरील आकड्यांकडे वळले. ३० सेकंद म्हणजे एक पळ आणि वर थोडे, हा योगायोग अभ्यासकाला मौजेचा वाटेल. २०२२ साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत पाळी ९ वरून ७ मिनिटांवर आणली गेली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत विजयी झाला. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी खेळ अधिक आटोपशीर होत आहेत, हे उघड आहे.

बेसबॉलमध्ये २०२३ साली धावपट्टीवर कोणी नसताना १५ आणि असताना २० सेकंद अशी मर्यादा ठेवण्यात आली. दुसरी मर्यादा पुढील वर्षी १८ सेकंदांवर आली. ९ डावांच्या सामन्याचा सरासरी काळ २०२२ मध्ये सुमारे ३ तास ४ मिनिटे होता, तो २०२३ मध्ये सुमारे २ तास ४० मिनिटांवर आला. क्रिकेटमध्येही दोन षटकांमध्ये ६० सेकंदांची मर्यादा प्रथम डिसेंबर २०२३ पासून प्रायोगिक रीत्या आणि नंतर मर्यादित षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत कायम करण्यात आली. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या विश्वचषक सामन्यात अँजेलो मॅथ्यूज वेळेत चेंडू खेळण्यास सिद्ध न झाल्यामुळे बाद ठरला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असे प्रथमच घडले. नियम जुना होता, पंचांनी तो अपील झाल्यावर लागू केला. तरीही गहजब झाला, कारण सवलतीची सवय नियमाहून जुनी होती.

या सर्व उदाहरणांत एक समान परिवर्तन दिसते. पूर्वी पंचाने खेळाडूस ‘चला, खेळा’ म्हणावे आणि खेळाडूने ते मानावे, यावर गती अवलंबून होती. आता घड्याळ बोलते, पंच केवळ त्याचा निरोप पोहोचवितो. यात पंचाचे स्वातंत्र्य कमी झाले, हे खरे. पण ज्या पंचाला सामन्यानंतर त्याच गावातून घरी जावयाचे आहे, त्याच्यासाठी हे स्वातंत्र्य अनेकदा ओझेच होते, हे विसरून चालणार नाही. फलकावर सर्वांना दिसणारा आकडा त्याच्या बाजूने साक्ष देतो. मोजमापाची उघड साधने दुर्बल संघाला आणि एकाकी पंचाला संरक्षण देतात. ज्या स्पर्धांत बलवान गावाचा आवाज मोठा, तेथे या संरक्षणाचे मोल अधिक.

८

मग दमाचे काय? तो केवळ एक जुना रिवाज म्हणून राहू द्यावयाचा काय? प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नाचे उत्तर घाईने देणे योग्य नाही. दम आणि घड्याळ यांत गुणात्मक भेद आहे. घड्याळ सर्वांना सारखाच वेळ देते. दम ज्याचा त्याला त्याच्या अभ्यासाइतका वेळ देतो. चढाईचा काळ वाढविण्यासाठी गड्याला छाती कमवावी लागत असे. काळ ही तेथे कमावण्याची वस्तू होती, वाटून मिळण्याची नव्हे. ३० सेकंदांच्या नियमाने न्याय अधिक सुस्पष्ट झाला, पण एक कौशल्य गौण झाले. निदान रेषा आणि खोचे माप यांनी दाखवून दिले होते की, गती राखण्यासाठी घड्याळच हवे असे नाही. नियमाची रचना नीट असेल तर खेळ स्वतःच स्वतःला पुढे ढकलतो आणि पंचाने फक्त पाहावे व ऐकावे एवढेच उरते. नव्या नियमांची चर्चा करणाऱ्यांनी हा विचार समोर ठेवणे आवश्यक आहे.

संशोधनाच्या दृष्टीने येथे पुष्कळ काम शिल्लक आहे. झाडीपट्टीतील गावोगावच्या स्पर्धांची हस्तपत्रके, शाळांतून जपलेल्या नियमपुस्तिका, गुणलेखकांच्या वह्या ही इतिहासाची साधने आहेत, आणि ती दरवर्षी पावसाळ्यात नष्ट होत आहेत. त्यांहूनही नाशवंत साधन म्हणजे वृद्ध पंचांची स्मृती. गमिनीचे सामने ज्यांनी चालविले, कंदिलाच्या उजेडात ज्यांनी दम ऐकला, ती माणसे आता वयाने फार पुढे गेली आहेत. कोणता नियम केव्हा आला हे पुस्तकांतून कळेल. तो प्रत्यक्षात कसा पाळला गेला, कोठे सैल सोडला गेला आणि का, हे त्यांच्याकडूनच कळेल. देवरी, सालेकसा, आमगाव, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत हिवाळ्याच्या एका हंगामात पद्धतशीर मुलाखती घेतल्या, तरी प्रबंधाला पुरेल एवढी सामग्री मिळेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घ्यावे. मंडईचा हंगाम ठराविक असतो, आणि साक्षीदारांच्या बाबतीत तो दरवर्षी आखूड होत आहे.